जमेल की नाही? : धापेचा आजार आणि खात्रीचे मोजमाप

एखादे ठरावीक काम ठरावीक परिस्थितीत आपल्या हातून पार पडेल की नाही, याविषयी माणूस स्वतःशी जो निर्वाळा देतो त्याला मानसशास्त्रात स्वक्षमतेची खात्री म्हणतात. ही कल्पना अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली एका दीर्घ लेखात मांडली आणि वीस वर्षांनी तिच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या मंडेर या छोट्या गावी १९२५ साली जन्मलेले बांडुरा पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत राहिले. २०२१ साली ते वारले. या कल्पनेवरचे त्यांचे सुरुवातीचे प्रयोग सापाला घाबरणाऱ्या माणसांवर झाले. पिंजऱ्याजवळ कोण जाईल, साप हातात कोण धरील, याचा अंदाज माणसाच्या आधीच्या वागण्यापेक्षा त्याने सांगितलेल्या खात्रीवरून अधिक चांगला बांधता येतो, असे त्यांना दिसले. ‘आत्मविश्वास’ हा शब्द त्यांना ढोबळ वाटे. त्यात विश्वास आहे एवढेच कळते, कशाचा ते कळत नाही. आपण आपटणारच असाही माणसाला पक्का विश्वास असू शकतो. म्हणून त्यांनी दोन अपेक्षा वेगळ्या काढल्या. हे काम मला करता येईल ही एक, आणि ते केल्याने अमुक फळ मिळेल ही दुसरी. पहिली अपेक्षा चार ठिकाणांहून येते असे त्यांचे म्हणणे: स्वतः करून पाहिलेले, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेले पाहिलेले, कोणी धीर देऊन सांगितलेले, आणि स्वतःच्या शरीराने त्या क्षणी दिलेली खूण.

यातली शेवटची जागा फुप्फुसाच्या जुनाट आजारात सगळ्यात मोठी होते. सीओपीडी या नावाने दवाखान्यात ओळखला जाणारा आणि घरोघरी सरसकट ‘दमा’ म्हटला जाणारा हा आजार श्वासनलिका अरुंद करतो आणि फुप्फुसाची लवचीकता घालवतो. औषधाचा फवारा घेतल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा एकूण बाहेर टाकलेल्या हवेच्या ०.७० पटीपेक्षा कमी भरली, तर हवेच्या वाटेत कायमचा अडथळा आहे असे धरतात. अडचण श्वास आत घेण्याची आहे असे रोग्याला वाटते. खरे तर आधीचा श्वास पुरता बाहेर गेलेला नसतो. चालायला लागले की श्वास भराभर होतो, बाहेर टाकायला वेळ कमी पडतो, हवा आत साठत जाते आणि भरलेल्या पोत्यात आणखी धान्य कोंबावे तसा पुढचा श्वास कोंबावा लागतो. २०१६ साली भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना हा आजार असावा असा अंदाज आहे. त्यातल्या कित्येक बायकांनी आयुष्यात विडी हातात धरलेली नसते. चुलीपुढे काढलेली वर्षे त्याला पुरतात.

अशा रोग्याची आंघोळ जवळून पाहण्यासारखी असते. तांब्याने डोक्यावर पाणी घ्यायचे तर हात खांद्याच्या वर न्यावा लागतो. छातीचे आणि खांद्याचे जे स्नायू एरवी श्वासाला हातभार लावतात, ते आता हात सावरण्यात गुंततात. पाय चोळायला वाकले की पोट वर रेटते आणि श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. बंद खोलीतली वाफ असतेच. तिसऱ्या तांब्याला माणूस थांबतो, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवतो, ओठांचा चंबू करून हळूहळू हवा सोडतो. हे दोनचार वेळा झाले की आंघोळ एक दिवसाआड होते. मग भाजी आणणे सुटते, मग गच्चीवर जाणे. न वापरलेले पाय आणखी दुबळे होतात, दुबळ्या पायांना तेवढ्याच चालण्यासाठी जास्त प्राणवायू लागतो, म्हणजे धाप आणखी लवकर लागते. यात फुप्फुस किती बिघडले आणि खात्री किती बिघडली, हे वेगळे करणे कठीण होऊन बसते. फुंकून मोजायच्या यंत्रावर सारखाच आकडा आलेल्या दोघांपैकी एक बाजारात जातो आणि दुसरा खाट सोडत नाही. खात्री मोजायची गरज इथून निर्माण झाली.

मात्र खात्री मोजायची म्हणजे काय मोजायचे, हा प्रश्न मानसशास्त्रापेक्षा जुना आहे. माणूस प्रयत्नाला का लागतो, याचा विचार भारतीय दर्शनांनी फार बारकाईने केलेला आहे, आणि श्वासाच्या बाबतीत तर वैशेषिकांनी आश्चर्य वाटावे इतका नेमका भेद केला. प्रशस्तपादांनी प्रयत्नाचे दोन प्रकार मानले: इच्छा किंवा द्वेष यांतून उपजणारा, आणि केवळ जिवंत असण्यातून उपजणारा. झोपलेल्या माणसाचा श्वास या दुसऱ्या प्रयत्नाने चालतो. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचानन यांनी आपल्या ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’त त्यालाच ‘जीवनयोनि यत्न’ म्हटले आहे आणि तो इंद्रियांना न जाणवणारा आहे असे सांगितले आहे. निरोगी माणसाला आपण श्वास घेण्याचा प्रयत्न करतो आहोत हे खरोखरच जाणवत नाही. सीओपीडीच्या रोग्याला ते दिवसभर जाणवते. त्याचा श्वास जीवनयोनीतून उठून इच्छाद्वेषाच्या प्रांतात आलेला असतो. तो आता करावा लागतो, राखावा लागतो, उद्यासाठी हिशेबात धरावा लागतो. जे काम कधी काम नव्हतेच, ते जमेल की नाही असे विचारण्याची पाळी येणे, हेच या आजाराचे वेगळेपण आहे. मधुमेही माणसाला साखर सांभाळण्याची खात्री विचारली तर प्रश्न एका नव्या कामाचा असतो. इथे प्रश्न सगळ्यात जुन्या कामाचा आहे.

या आजारासाठी तयार झालेल्या मापनसाधनांपैकी दोन महत्त्वाची आहेत. पहिले विगल, क्रीअर आणि कोट्सेस यांनी अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध केले. त्यात ३४ प्रसंग दिलेले असून प्रत्येक प्रसंगी श्वासाचा त्रास आवरण्याची किंवा टाळण्याची किती खात्री वाटते, हे पाच पायऱ्यांत सांगायचे असते. प्रसंगांचे पाच गट पडतात: उदासी-चिंतेसारख्या मनःस्थिती, राग किंवा हर्षासारखे भावनांचे उमाळे, अंगमेहनत, हवामान व परिसर, आणि खाणेपिणे यांसारख्या वर्तनातले धोके. ३४ पैकी २० प्रसंग पहिल्या दोन गटांत, म्हणजे मनाच्या हालचालींत मोडतात; अंगमेहनतीला फक्त ५ मिळाले आहेत. धापेचा आजार छातीत असला तरी तो भांडणात, लग्नघरात आणि एकटेपणात उसळतो, हे या वाटणीवरून दिसते. दुसरे साधन, इंग्लंडमध्ये २०११ साली पुढे आलेले ‘प्रेझ’, आटोपशीर आहे. श्वाटसर आणि येरुसालेम या जर्मन संशोधकांच्या सर्वसाधारण स्वक्षमतेच्या १० विधानांत फुप्फुस-पुनर्वसनाशी निगडित ५ विधाने घालून ते बनवले. चार पायऱ्या, एकूण १५ ते ६० गुण. पुनर्वसनाचा वर्ग सुरू होताना आणि संपताना ते भरून घेणे सोपे जाते. बांडुरा स्वतः मात्र शून्य ते शंभर अशी दहादहाची लांब पट्टी पसंत करत, आणि प्रश्न ‘कराल का’ असा न विचारता ‘आजच्या घडीला करता येईल का’ असाच विचारावा, असा त्यांचा आग्रह असे.

‘आजच्या घडीला’ या अटीला न्यायशास्त्रात जुना जोड आहे. माणूस प्रवृत्त होण्यासाठी, म्हणजे कामाला लागण्यासाठी, आधी कोणते ज्ञान असावे लागते या चर्चेत मुक्तावलीने दोन ज्ञाने सांगितली. हे माझ्या प्रयत्नाने साधणारे आहे, हे कृतिसाध्यतेचे ज्ञान. आणि हे मला हव्या असलेल्या गोष्टीचे साधन आहे, हे इष्टसाधनतेचे ज्ञान. दोन्ही मिळून करण्याची इच्छा, चिकीर्षा, उपजते. चंद्रबिंब उतरवून आणावे असे कितीही वाटले तरी कोणी शिडी शोधायला जात नाही, कारण पहिले ज्ञान नाही. जेवून तृप्त झालेला माणूस पुन्हा पानावर बसत नाही, कारण त्या वेळी दुसरे ज्ञान नाही. लहान राजपुत्र पुढे यौवराज्य करणार हे माहीत असूनही आज त्यासाठी खटपट करत नाही. ज्ञान ‘आत्ता साधेल’ असे असावे लागते. बांडुरांच्या दोन अपेक्षा आणि ही दोन ज्ञाने यांची जोडी इतकी तंतोतंत जुळते की विसाव्या शतकातल्या शोधाचा तोरा थोडा उतरावा.

पण नैयायिक दोनांवर थांबले नाहीत. मध आणि विष मिसळलेले अन्न खाता येण्यासारखे असते आणि भूकही भागवते, तरी शहाणा माणूस त्याला हात लावत नाही. तेव्हा तिसरी गोष्ट हवी: या कामातून मोठे अनिष्ट ओढवेल असे ज्ञान नसणे. इथे पंडितांत दोन पक्ष आहेत. काहींच्या मते अनिष्ट ओढवणार नाही हे ज्ञान प्रवृत्तीचे एक कारणच होय. विश्वनाथ मात्र उलट्या बाजूने मांडतात: मोठे अनिष्ट ओढवेल हे ज्ञान चिकीर्षेला आडवे येणारा प्रतिबंधक आहे, ते दूर झाले की पुरे. हा भेद नुसता कीस काढण्यासाठी केलेला दिसतो, पण धापेच्या रोग्यापुढे धरला तर तो एकदम जिवंत होतो.

जिन्यापाशी उभ्या असलेल्या तीन रोग्यांनी ‘नाही जमणार’ म्हटले अशी कल्पना केली, तर पहिल्याच्या पायांत खरोखर बळ नाही. दुसऱ्याला वाटते, चढून काय मिळणार. गेलेली फुप्फुसे थोडीच परत येणार आहेत? तिसऱ्याला चढता येईल हे ठाऊक आहे, व्यायामाने बरे वाटते हेही पटलेले आहे, पण गेल्या थंडीत अर्ध्या जिन्यावर श्वास कोंडून डोळ्यांपुढे अंधारी आली होती, ती आठवण मध्ये उभी आहे. पहिल्याकडे कृतिसाध्यतेचे ज्ञान नाही, दुसऱ्याकडे इष्टसाधनतेचे नाही, तिसऱ्याकडे दोन्ही असून प्रतिबंधक हजर आहे. प्रश्नावलीत तिघांच्याही नावापुढे एकच आकडा पडतो. उपाय मात्र तिघांचे निराळे. पहिल्याला पाय बळकट करणारा व्यायाम लागतो, दुसऱ्याला आजार नीट उलगडून सांगणारा माणूस, तिसऱ्याला दर चार पायऱ्यांवर थांबून ओठांच्या चंबूतून श्वास सोडत धाप ओसरते याचा सोबतीने घेतलेला अनुभव. तिसऱ्याची धीर देऊन समजूत काढणे बहुधा वाया जाते. ज्ञान कमी पडलेलेच नसते, तेव्हा नवे देऊन काय होणार?

हाच आक्षेप मानसशास्त्राच्या आतूनही आला. इर्विंग कर्श यांनी १९८२ साली दाखवले की सापाला भिणाऱ्या माणसाला मोठ्या बक्षिसाची नुसती कल्पना करायला सांगितली तरी ‘करता येईल’चे गुण वाढतात, पण कागदाचा बोळा लांबच्या टोपलीत नेमका टाकण्यासारख्या कौशल्याच्या कामात बक्षिसाने तसे होत नाही. म्हणजे पहिल्या प्रकारात ‘येत नाही’ या शब्दांआड ‘नको’ लपलेले होते. २०१६ साली डेव्हिड विल्यम्स आणि रायन ऱ्होड्स यांनी, स्वक्षमतेच्या पट्ट्यांवर क्षमतेबरोबर इच्छा आणि फळाची अपेक्षाही मोजली जाते, असे सविस्तर मांडले. त्यांना मुक्तावली माहीत असण्याचे कारण नव्हते. माहीत असती तर दोन ज्ञाने आणि एक प्रतिबंधक अशी तयार चौकट हाती आली असती.

मराठीत ही गुंतागुंत व्याकरणातच मुरलेली आहे. ‘मी चढू शकेन’ हे वाक्य पुस्तकी आहे. आजारी माणूस ते सहसा बोलत नाही. तो म्हणतो, ‘मला जिना चढवत नाही.’ या रूपाला व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. त्यात करणारा ‘मी’ राहत नाही, ‘मला’ होतो. क्रिया त्याने करायची नसून त्याच्याकडून घडायची असते. शिवाय ‘चालवत नाही’मध्ये अंगात त्राण नसणे येते, तर त्याच घडणीच्या ‘बघवत नाही’मध्ये डोळे शाबूत असतात आणि सोसणे संपलेले असते. ‘आता उठवत नाही’ म्हणणाऱ्या आजीचे नेमके काय संपले आहे, हे वाक्यावरून सांगता येत नाही. बाकीची क्रियापदेही सारखी नाहीत. ‘जमणे’ला हातोटीचा वास आहे, ‘झेपणे’त ओझे आणि ताकद यांची तुलना आहे, ‘निभणे’त शेवटपर्यंत टिकण्याचा विचार आहे. परदेशी प्रश्नावली मराठीत आणताना सगळीकडे ‘आत्मविश्वास वाटतो का’ असे लिहून मोकळे होणे सोयीचे असते. पण ‘पाहुण्यांसमोर खोकला आला तर तुम्हाला किती आत्मविश्वास वाटतो’ या प्रश्नाला खेड्यातली बाई काय उत्तर देणार? ‘निभेल का’ विचारले तर ती लगेच सांगेल.

पहिल्या प्रश्नावलीतल्या ‘आवरण्याची किंवा टाळण्याची’ या जोडशब्दांतही अशीच एक फट आहे. धुके असताना बाहेर न पडणारा माणूस धुक्यातला त्रास टाळण्याविषयी शंभर टक्के खात्री देऊ शकतो. खरेच, त्याला तो त्रास होत नाही. ज्याने जगणे आक्रसून घेतले त्यालाही चांगले गुण मिळण्याची सोय साधनाने ठेवली आहे. नैयायिकांच्या भाषेत निवृत्तीही प्रयत्नच आहे. पण प्रवृत्ती आणि निवृत्ती यांची बेरीज एका रकान्यात करणे त्यांना पटले नसते.

बेरजेचा प्रश्न एकूणच नाजूक आहे. मापनपट्ट्यांचे चार प्रकार एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली सांगितले: नुसती नावे देणारी, क्रम लावणारी, समान अंतरे राखणारी आणि खऱ्या शून्यापासून सुरू होणारी. ‘थोडी खात्री’ आणि ‘बरीच खात्री’ यांत क्रम नक्की आहे. पण त्यांच्यातले अंतर ‘बरीच’ आणि ‘पूर्ण’ यांमधल्या अंतराइतकेच आहे, हे कोणी मोजलेले नाही. तरीही ३४ उत्तरांची बेरीज होते आणि सरासरी निघते. व्यवहारात चालून जाते, हे खरे. त्याच माणसाचे वर्गाआधीचे आणि नंतरचे गुण शेजारी ठेवले तर काहीतरी कळते. दोन माणसांचे गुण शेजारी ठेवून एकाची खात्री दुसऱ्याच्या दीडपट आहे म्हणणे मात्र निरर्थक ठरते. त्यात विचारणाऱ्याचे तोंड पाहून उत्तर देण्याची रीत मिसळते. ‘आजोबा, दोन जिने चढाल का?’ या प्रश्नाला डॉक्टरांसमोर ‘चढीन की, त्यात काय!’ असे उत्तर येते, आणि तेच आजोबा वर्षभरात गच्चीवर गेलेले नसतात. मुलगा शेजारी उभा असला की उत्तर आणखी बदलते. कधी वर, कधी खाली.

त्याहून मूलभूत प्रश्न असा, की ही खात्री खरी किंवा खोटी कशावरून ठरवायची? ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातच असते, ते खोटे ठरेपर्यंत खरे, असे मीमांसक म्हणत. नैयायिकांचे मत उलट: ज्ञान खरे होते हे बाहेरून, त्यावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफळ झाल्यावर ठरते. पाणी दिसले, ते मृगजळ नव्हते हे तहान भागल्यावर कळते. फुप्फुस-पुनर्वसनाची खोली याच मताची प्रयोगशाळा असते. तीस मीटरची मोकळी वाट, दोन्ही टोकांना खुणेचे शंकू, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, आणि सहा मिनिटांत किती अंतर कापले याची नोंद. चाचणी घेणाऱ्याने बोलायची वाक्येही ठरलेली असतात, कारण शाबासकी जास्त झाली तर अंतर वाढते. आधी सांगितलेली खात्री आणि नंतर चाललेले मीटर यांची गाठ इथे पडते.

अडचण एवढीच की खात्री ही पाण्याच्या ज्ञानासारखी तटस्थ नसते. ‘हे पाणी आहे’ असे वाटल्याने मृगजळाचे पाणी होत नाही. ‘मला जमेल’ असे वाटल्याने मात्र जमण्याची शक्यता खरोखर वाढते. विल्यम जेम्स यांनी आल्प्सच्या कड्यावर अडकलेल्या गिर्यारोहकाचे उदाहरण दिले होते. सुटकेला एक भयंकर उडी मारणे एवढाच मार्ग आहे. जमेल असे मानून उडी मारली तर पाय ठरतो, शंकेने लटपटत मारली तर दरी. इथे श्रद्धा ही वस्तुस्थितीचे वर्णन करत नाही, तिच्यात भागीदार होते. अशा ज्ञानाला प्रमा, म्हणजे खरे ज्ञान, म्हणावे की अप्रमा, याचे उत्तर उडीच्या आधी अस्तित्वातच नसते. प्रश्नावली भरणेही निरुपद्रवी राहत नाही. चौतीस प्रसंग एकामागून एक वाचताना धापेच्या रोग्याला आपण काय काय सोडून दिले आहे, याची पहिल्यांदा यादी मिळते. कोणाला त्याने हुरूप येतो, कोणी खचतो.

सॅन दिएगो येथील रॉबर्ट कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवले की सीओपीडीच्या रोग्याने व्यायाम चालू ठेवण्याचा संबंध चालण्याविषयीच्या त्याच्या नेमक्या खात्रीशी असतो. दहा वर्षांनी त्यांनी आणखी धाडसी निष्कर्ष काढला: चालण्याची खात्री अधिक असलेले रोगी अधिक जगतात. या निष्कर्षाचा उल्लेख प्रेरणादायी भाषणांत फार लवकर शिरतो, म्हणून थोडे थांबायला हवे. चालण्याची खात्री अधिक असते ती पुष्कळदा फुप्फुस बरे असते म्हणून. शरीराला स्वतःविषयी जे ठाऊक असते ते यंत्राच्या आधी माणसाच्या तोंडून निघते, असाही त्याचा अर्थ होतो. खात्री इथे कारण आहे की नुसते लिंग, म्हणजे धुरावरून अग्नी ओळखावा तशी खूण? धूर कमी केल्याने आग विझत नाही.

मधात विष असण्याची बाजूही प्रयोगांत दिसली आहे. माँट्रियलच्या ज्याँ बुर्बो आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, आजार स्वतः हाताळायला शिकलेल्या रोग्यांचे आजार बळावल्यामुळे रुग्णालयात दाखल होणे सुमारे ४० टक्क्यांनी घटले. त्याच धर्तीवर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या २० रुग्णालयांत ४२६ रोग्यांवर मोठी चाचणी सुरू झाली. त्रास वाढल्याची चिन्हे ओळखून घरीच ठेवलेली प्रतिजैविके व प्रेडनिसोन सुरू करायला शिकवणे, हा तिचा गाभा होता. शिकवलेल्या गटात २८ मृत्यू आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात १० असे चित्र दिसल्यावर ती मध्येच थांबवली गेली. अहवाल २०१२ साली आला. कारण उलगडले नाही, आणि वाढलेल्या खात्रीवर त्याचे खापर फोडणे घाईचे ठरेल. पण धापेचा हल्ला आपल्याच्याने आवरेल या खात्रीत, कधी आवरणार नाही हे ओळखण्याची खात्रीही धरायला हवी, एवढे त्या आकड्यांनी समोर आणले. पट्टीवर साठ गुण म्हणजे उत्तम, असे वाचण्याची सवय इथे उघडी पडते. प्रमाणात नसलेली खात्री ही न्यायशास्त्राला ज्ञानाची वाढ वाटली नसती, भ्रम वाटला असता.

उरतो ‘स्व’. क्षमता कोणाची, हा प्रश्न गीतेच्या अठराव्या अध्यायात सरळ येतो. कोणत्याही कर्माची पाच कारणे तिथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. आणि एवढी कारणे असताना केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असे लगेच पुढे म्हटले आहे. ‘मी जिना चढलो’ या वाक्यात शरीर आले, पाय आणि पंप आला, थांबत थांबत घेतलेले श्वास आले, आणि त्या दिवशी शेजारच्या प्लॉटवर कोणी कचरा पेटवला नव्हता हेही आले. ग्लासगोच्या रोग्यांवरची, २०१२ सालीच प्रसिद्ध झालेली एक चाचणी या संदर्भात बोलकी आहे. आजार स्वतः हाताळण्याचे शिक्षण दिलेल्यांपैकी ४२ टक्केच लोक ते यशस्वीपणे करू लागले, आणि असे यशस्वी झालेले लोक वयाने तरुण आणि कोणाबरोबर तरी राहणारे असण्याकडे कल होता. स्वतः हाताळण्याची क्षमता घरात दुसरे माणूस असण्यावर टेकलेली निघाली. आपल्याकडे पंप कुठे ठेवला आहे हे सुनेला ठाऊक असते, आणि आजोबांना धाप लागायच्या आधी त्यांच्या बोलण्यातली वाक्ये तुटायला लागतात हे नातवाच्या सर्वांत आधी लक्षात येते. ही क्षमता कोणाच्या रकान्यात लिहायची? बांडुरांनी पुढे सामूहिक क्षमतेची कल्पना मांडली खरी, पण फुप्फुसाच्या प्रश्नावल्या अजून एकट्या माणसालाच विचारतात.

दैवाची गोष्ट आणखी अवघड. ‘देवाच्या मनात असेल तर जमेल’ हे उत्तर पट्टीवर कुठे बसते? आरोग्याची सूत्रे कोणाच्या हाती आहेत असे माणसाला वाटते, हे मोजणारे साधन केनेथ वॉल्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली केले; त्यात स्वतः, नशीब आणि डॉक्टरांसारखी वजनदार माणसे असे तीन भाग होते. देवासाठी वेगळी सहा विधाने १९९९ साली जोडली गेली. तोवर देव बहुधा नशिबाच्या रकान्यात पडत असावा, आणि भाविकाला याहून मोठा गैरसमज कोणता वाटणार! ज्याने सगळे दैवावर सोडून हातपाय गाळले आहेत आणि ज्याने कर्तेपणाचे ओझे देवावर सोपवल्याने हात मोकळे केले आहेत, ते दोघेही एकच वाक्य बोलतात. पहिला खाटेवर असतो. दुसरा सकाळी पंपाचे दोन झटके घेऊन, तोंडात नाव घोळवत, देवळापर्यंत थांबत थांबत जाऊन येतो. ‘जगातील सर्व बरेवाईट माझ्याच हाती आहे’ असे मानणाऱ्यापेक्षा त्याची चाल संथ असेल, पण प्रवृत्ती अखंड असते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्या’चा सगळा रोख याच दुसऱ्या माणसाकडे आहे, फलाशा सोडल्याने कर्म सुटत नाही, असा तो युक्तिवाद आहे. न्यायाच्या भाषेत सांगायचे तर दोघांच्या कृतिसाध्यतेच्या ज्ञानात फरक नसेलही. दुसऱ्याचा प्रतिबंधक देवाने उचलून बाजूला ठेवला आहे.

म्हणून या आजारात खात्री विचारताना एका प्रश्नाचे निदान तीन प्रश्न करावे लागतात. मराठीत ते अवघड नाही: ‘दोन जिने तुम्हाला आज चढवतील का?’, ‘चढल्याने तुमचे काही बरे होईल असे वाटते का?’ आणि ‘चढताना कशाची धास्ती वाटते?’ पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पट्टीवर मांडता येतात. तिसऱ्याला जागा मोकळी सोडावी लागते, कारण तिथे बहुधा एक प्रसंग येतो: कोणत्या तरी रात्रीचा, कोणत्या तरी जिन्याच्या वळणावरचा. चौथा प्रश्न, धाप लागली तर जवळ कोण असते, हा घरच्यांच्या देखत न विचारलेला बरा.